खालच्या वूफरच्या तारा

एका रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, एडवण गावातल्या एका अंगणात तीन माणसांनी एका होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकला. ती होडी चार महिन्यांपासून बेपत्ता होती. आवाज सात मिनिटं चालला. तो समोरच्या स्पीकरमधून येतोय असं आम्ही धरून चाललो होतो. त्या स्पीकरची जोडणी चुकलेली होती आणि तशा जोडणीतून तो आवाज निघू शकत नाही, हे चार आठवड्यांनी कळलं. तिघांपैकी एक मी.

मी अशा गोष्टी मानत नाही. बावीस वर्षं एका दैनिकाचा पालघरचा वार्ताहर होतो. या काळात झपाटलेल्या विहिरी, आपोआप पेटणारे कपडे, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... अशा पंधरा-वीस बातम्या माझ्याकडे आल्या. प्रत्येक ठिकाणी गेलो, प्रत्येक ठिकाणी माणसाचा हात सापडला, एकही बातमी छापायला दिली नाही. इथेही तीच सवय ठेवून लिहितो आहे. जे पाहिलं, तपासलं, तेवढंच.

विलास माझा सरावलीतला शेजारी. वय एक्केचाळीस. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. दाब, तापमान मोजणारी यंत्रं लावणं, त्यांच्या तारा जोडणं, तपासणं, हे काम एकोणीस वर्षं. घर मूळचं एडवणचं, मच्छीमाराचं. वडील आधीच गेलेले. थोरला भाऊ नरेश होडी चालवायचा. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि तो, दोघंच गावी राहत.

नवरात्र संपल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे नरेश एकटाच समुद्रावर गेला. सोबतच्या खलाशाला ताप होता. संध्याकाळी तो आला नाही. शोध नऊ दिवस चालला. जाळ्याला बांधलेले दोन तरंगते बोये मिळाले. होडी मिळाली नाही, नरेशही नाही.

विलासने त्या नऊ दिवसांची रजा घेतली आणि दहाव्या दिवशी पहिल्या पाळीला गेला. मी जिन्यात विचारलं, "काय कळलं का रे?"

"नाय, भाऊ. काय नाय." एवढं बोलून त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि उतरला. पुढचे तीन महिने तो साधारण एवढंच बोलत होता.

अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म करतात. वाड्यातली मोठी माणसं विलासला सांगत होती, आता करून टाक. आई तयार नव्हती. ती नाहीही म्हणत नव्हती. घराचं दार उघडं ठेवायची, भात दोघांचा टाकायची, मासळी विकायला बाजाराला जाणं तिने सोडलं होतं. अडुसष्ट वर्षांची बाई दिवसभर पायरीवर बसून असायची आणि वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरने विलासला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे असंच चाललं तर पावसाळा निघणार नाही.

मी विलासबरोबर पहिल्यांदा एडवणला गेलो तेव्हा तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्ये पेपरवाले ना? आता आले. बातमी शिली झाल्यावर."

"आये, ते सोडलं त्यांनी पेपर," विलास म्हणाला.

"मंग बसा. चा पिऊन जा."

चहा देताना तिनेच सांगितलं. समुद्रकाठच्या बायकांना घरच्या होडीचं इंजिन आवाजावरून कळतं. दहा होड्या एकदम आल्या तरी आपली कुठली ते चुलीपाशी बसून सांगतात. नरेशची होडी रोज पहाटे जाताना आणि संध्याकाळी येताना तिने ऐकलेली. त्या दिवशी मात्र ती पहिल्या एसटीने पालघरच्या बाजारात गेली होती. जातानाचा आवाज तिने ऐकला नाही.

"मी ऐकलाच नाय, तर तो गेला कसा म्हनू?" ती विलासला म्हणाली. "एकदा मला त्याचा इंजिन ऐकव. मंग तुमी म्हनाल ते करन."

विलासच्या फोनमध्ये एक व्हिडिओ होता. आदल्या गणपतीत काढलेला, अडतीस सेकंदांचा. होडी किनाऱ्यावरून निघून लांब जाताना दिसते, नरेश पाठमोरा. त्याने तो लावून फोन तिच्या कानाशी धरला.

"ह्यो टकटक करतो. ह्यो शिलाई मशीन हाय. आपला इंजिन नाय."

तिचं बरोबर होतं. फोनच्या माइकने खालचा, जाड आवाज बऱ्यापैकी टिपलेला असतो. फोनचा बोटभर स्पीकर तो वाजवू शकत नाही. वरची टकटक तेवढी ऐकू येते. पुढच्या रविवारी विलासने गावातल्या डीजेवाल्याकडून स्पीकरची मोठी पेटी आणली. आवाज भरपूर झाला. आईने दोन मिनिटं ऐकलं.

"भावाला पिपात घालून बडवतोस काय रे? दर्यावर काय भिंती असतात?"

परतीच्या वाटेवर, केळवं आल्यावर, विलासने तो व्हिडिओ पुन्हा लावून फोन कानाशी धरला. मग म्हणाला, "ती बरोबर बोलते, भाऊ. पेटीचा आवाज हाय तो. पेटी काढून टाकली पायजे."

बिनपेटीचा स्पीकर असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला ओपन बॅफल म्हणतात. एक सपाट फळी, तिला भोक, भोकात वूफर, म्हणजे जाड आवाज वाजवणारा मोठा गोल स्पीकर. मागे काही नाही. त्यामुळे आवाज कोंडत नाही, उघड्यावरचा वाटतो. अडचण एकच. वूफरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पेटी असली तर मागची लाट आत अडकते. नुसत्या फळीला ती वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला मारते. आवाज जितका खालचा, तितकं हे जास्त. म्हणून फळी मोठी घ्यायची आणि हवा पुष्कळ हलवायची. एक वूफर पुरत नाही, जोडी लागते.

जोडी कशी बसवायची याचा विलासने तीन आठवडे अभ्यास केला. कामावरून आला की जेवणाच्या टेबलावर कागद. दोन वूफर शेजारी-शेजारी, एकावर एक, एकमेकांकडे तोंड करून... प्रत्येकाचं चित्र काढून मला दाखवायचा. मला वाटतं त्या दिवसांत त्याला बोलायला दुसरा विषय नको होता. शेवटी त्याने ठरवलं ते असं : एकावर एक, पण वरचा सरळ आणि खालचा उलटा. म्हणजे खालच्याचा मॅग्नेट ऐकणाऱ्याच्या बाजूला.

"उलटा कशाला?" मी विचारलं.

"कुठलाच पडदा पुढं-मागं सारखा सरकत नाय, भाऊ. एका बाजूला थोडा आखडतो. एक सरळ, एक उलटा ठेवला की एकाची खोड दुसरा झाकतो. दोगं मिळून नीट चालतात."

"आणि एकमेकांविरुद्ध नाही चालणार?"

"उलट्याच्या तारा उलट्या जोडायच्या. लाल काळ्यावर, काळी लालवर. मंग दोगं हवा एकाच बाजूला ढकलतात. ते विसरलं तर खेळ खलास. एक ढकलनार, दुसरा ओढनार, हवा दोघांमदेच फिरनार. बेस शून्य."

हे त्याने कागदावरही लिहिलं होतं. खालच्या वूफरपुढे फुली मारून दोन बाण काढले होते. तो कागद माझ्याकडे आहे.

सुतार बोईसरचा. एकोणीस मिलीमीटरचं मरीन प्लाय, माणसाच्या खांद्याएवढी उंच फळी, पंधरा इंची दोन वूफर. सरावलीतल्या घरात त्याने एकेक वूफर वेगवेगळा वाजवून पाहिला. दोन्ही ठीक होते. जोडी एकत्र वाजवली नाही, कारण खालच्या मजल्यावर बाळंतीण होती. सगळं सुटं करून टेम्पोने एडवणला नेलं आणि रविवारी दुपारी अंगणात जोडलं. फळी मी धरली होती. तारा विलासने लावल्या.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत. सव्वातीनला जोडणी पूर्ण. वीज होती. समुद्राला ओहोटी, पाणी लांब गेलेलं, त्या वेळी होडी किनाऱ्याला लागू शकत नाही. आईला फळीसमोर आठ पावलांवर खुर्ची ठेवली. ती तिथे बसली नाही. नेहमीच्या पायरीवर, फळीच्या अगदी कडेला, जिथून दोन्ही वूफरपैकी एकही दिसत नव्हता, तिथे बसली.

"आये, समोर ये. कडेला आवाज मरतो," विलास म्हणाला. हेही खरं आहे. नुसत्या फळीच्या स्पीकरला दोन्ही कडांना एक मुकी पट्टी असते. पुढची आणि मागची लाट तिथे बरोबरीने भेटतात.

"मी दारातच ऐकते रोज. लाव तू."

व्हिडिओ संपला की पुन्हा सुरू होईल, असा लावून ठेवला होता. चार दहाला विलासने आवाज वाढवला. आधी टकटक आली, फोनवर यायची तीच. मग, चार-पाच सेकंदांनी असेल, खालून जाड आवाज आला. मी खुर्चीच्या मागे उभा होतो. तो कानापेक्षा बरगड्यांत कळत होता. ओट्यावर हंडीवरचं स्टीलचं झाकण थरथरायला लागलं.

विलासने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. काम झालं, असा त्याचा अर्थ मी घेतला. आम्हा दोघांनाही त्यात नवल वाटलं नाही. एवढे मोठे दोन वूफर होते, आवाज यायलाच हवा होता.

आई पायरीवर तशीच बसलेली. हात गुडघ्यांवर. चार चौदाला ती म्हणाली, "लांब हाय अजून."

विलास म्हणाला, "आये, ह्यात तो जातोय."

"तू गप."

चार सोळाला ती म्हणाली, "खडपाशी आला. आता हलू करल." किनाऱ्यापासून थोडं आत खडकांचा पट्टा आहे. तिथे आल्यावर नरेश इंजिन मंद करायचा, हे नंतर मला विलासने सांगितलं. वहीत त्याच मिनिटाला माझ्या हाताने एकच शब्द लिहिलेला आहे : 'मंद'. ठोके सावकाश झाले होते. विलासने अ‍ॅम्प्लिफायरला हात लावून पाहिला. त्याला वाटलं, तापला. तापलेला नव्हता.

चार सतराला जाड आवाज थांबला. टकटक चालूच होती. फोनच्या पडद्यावर व्हिडिओ चालू होता, होडी लांब जात होती. "वूफर जळला," विलास म्हणाला.

आई उठली. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि पायरीवर ओतलं. बाहेरून आलेल्याच्या पायांवर घालतात तसं.

"आला," ती म्हणाली. "बंद कर तो डबा आता."

मग विलासला, "भटाला जाऊन सांग. दिवस काढ म्हनावं."

एवढंच. ती रडली नाही. विलासही नाही. त्याने फळी भिंतीला टेकवून ठेवली, वर ताडपत्री टाकली. आम्ही सहाच्या एसटीने निघालो. गाडीत तो म्हणाला, "जळला तर जळला. काम झालं त्याचं."

माझ्याकडचा छोटा रेकॉर्डर तेवढा वेळ चालू होता. त्यात बोलणं आहे, कावळे आहेत, टकटक आहे, झाकणाचा थरथराट स्पष्ट आहे. जाड आवाज नाही. पण हा रेकॉर्डर वाऱ्याचा त्रास होऊ नये म्हणून खालचे आवाज गाळतो, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही.

दहा दिवसांनी दर्भाचा पुतळा करून नरेशचे अंत्यसंस्कार झाले. मग दहावा, तेरावा. आईने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. तेराव्याच्या जेवणानंतर विलासला म्हणाली, "भात आता एकाचाच टाकते." दार रात्री लावायला लागली, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही फळी आणायला गेलो. आई कुठल्या तरी पुतण्याच्या हळदीला गेली होती. जळलेला वूफर कुठला, ते बघून घ्यावं म्हणून विलासने मीटर लावला. दोन्ही शाबूत होते. मग खिशातला पेन्सिल सेल काढून तारांच्या टोकांना टेकवला.

या तपासणीत सेल टेकवला की पडदा टुणकन एका बाजूला सरकतो आणि डोळ्यांना दिसतो. वरचा आमच्याकडे सरकला. खालचा आमच्यापासून लांब.

त्याने पुन्हा टेकवला. पाच वेळा टेकवला. मग खाली वाकून तारा पाहिल्या. खालच्या वूफरला लाल लालवर होती, काळी काळ्यावर. कागदावर फुली मारून बाण काढलेले होते आणि हातांनी मात्र एकोणीस वर्षांच्या सवयीने जोडलं होतं. कारखान्यात लाल तार लालखेरीज कुठेही लावायची नसते. लावली तर यंत्र चुकीचं वाचतं आणि नोकरी जाते.

"मी नाय बदलल्या," विलास म्हणाला.

"नंतर कोणी हात लावला असेल?"

"मी सील मारतो, भाऊ." प्रत्येक टोकावर त्याने मार्करची बारीक रेघ ओढलेली होती, अर्धी तारेवर, अर्धी स्क्रूवर. कामावरची पद्धत. चारही रेघा जुळत होत्या. ताडपत्रीच्या दोऱ्यांच्या गाठीही त्याच्याच होत्या.

आम्ही तोच फोन, तोच अ‍ॅम्प्लिफायर, आवाज तेवढाच ठेवून व्हिडिओ त्याच जोडणीत लावला. टकटक. बाकी काही नाही. मी समोर उभा राहिलो, कडेला बसलो, आईच्या पायरीवर बसलो. हंडीवरचं झाकण हललं नाही. मग विलासने खालच्या तारा उलटवल्या आणि पुन्हा लावला. आता जाड आवाज आला, समोर भरपूर, पायरीवर जवळजवळ नाही. ठोके पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाचे होते. कुठेही मंद होत नव्हते.

त्या रविवारी दुपारी दुसरी होडी आली होती का, हे मी सहा घरांत विचारलं. आली नव्हती. जनरेटर, पंप, रस्त्यावरचा ट्रक? नाही. शेजारच्या दोन घरांनी काहीच ऐकलं नव्हतं. एका बाईला फक्त टकटक ऐकू आली होती आणि तिला वाटलं, विलास कुठलं मशीन दुरुस्त करतोय. आम्हा तिघांना एकदम भास झाला असेल, असं एक डॉक्टर मित्र म्हणाला. झाकणाचा थरथराट मात्र रेकॉर्डरमध्ये आहे, आणि रेकॉर्डरला भास होत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

त्या रात्री विलासने मला फोन केला. "आयेला सांगायला पायजे. तिनं आपल्या भरवशावर हो म्हटलं. मीच चुकीचं वाजवलं तिला."

"काय वाजवलंस?" मी विचारलं.

"तेच तर," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

सोमवारी त्याची दुसरी पाळी होती. सकाळी आम्ही एडवणला गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बाजाराला गेली. काल बोंबील घेऊन ठेवलेले."

पालघरच्या मासळी बाजारात ती तिच्या जुन्या जागी बसली होती. सुके बोंबील, जवळा. समोर एक बाई वाटा उलटापालटा करत होती.

"मावशी, ह्यात चुराच जास्त दिसतोय."

"चुरा तुज्या डोल्यांत. सकालपासून तूच चिवडतेस, चुरा नाय होनार तर काय." बाई हसली आणि वाटा घेतला.

आईने वर पाहिलं. "तुमी दोगं इकडं? कंपनी बंद पडली काय?"

"नाय, आये. दुपारची पाळी हाय."

"मंग?"

विलास टोपलीसमोर उभा होता. मी घड्याळ पाहिलं, नऊ चाळीस.

"काय बोलायचा हाय काय?" तिने विचारलं.

"नाय."

"मंग बाजूला हो. गिऱ्हाईक अडतंय."

विलास बाजूला झाला. पावणेअकराला तिची टोपली रिकामी झाली. अकरा पाचच्या एसटीने ती एडवणला गेली.